पाण्यावरचा ओटा

माझे वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे. बैलगाड्या गेल्या तशा धावाही गेल्या, आणि मी घाटनांदूरला वेल्डिंगचं दुकान टाकून खिडक्यांच्या जाळ्या, गेटं, मोडकी औतं, जे येईल ते जोडत बसलो. मग शेवटची काही वर्षं, गुडघे बोलायला लागेपर्यंत, मी तराफे केले. पाण्यावर तरंगणारे, वर मोटार आणि माणूस दोन्ही राहतील असे. ज्या जिल्ह्यात टँकरचा हॉर्न वाजला की अख्खी गल्ली हंडे घेऊन पळते, तिथला माणूस नावाड्याचा धंदा करतो, याचं माझ्या पाहुण्यांना लई हसू येतं. त्यातून मला पोहता येत नाही. पाण्यावर काम असलं की मी ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब कमरेला अडकवून हिंडायचो, आणि बघायला आलेली माणसं तराफ्यापेक्षा मलाच जास्त बघायची.

ज्यांनी शेततळं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतात मोठा चौकोनी खड्डा खणतात, निघालेल्या मातीचा चारी बाजूंनी उंच बांध करतात आणि पाणी मुरू नये म्हणून तळापासून बांधाच्या माथ्यापर्यंत जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात. या कागदावर शेवाळ धरलं की तो ओल्या साबणासारखा होतो. आत पडलेला माणूस पट्टीचा पोहणारा असला तरी बाहेर येणं अवघड, कारण हाताला धरायला काही नसतं आणि पाय ठरत नाही. मोटार बांधावर ठेवली तर पाण्यातल्या पाइपाची जाळी तुंबली की कुणाला तरी त्या उतारावरून खाली जावं लागतं. म्हणून तराफा. मोटार पाण्याबरोबर वरखाली होते, जाळी हाताशी राहते, माणूस कोरड्या पायांनी जाऊन येतो.

दिसायला तो साधाच. खाली निळे ड्रम, त्यांना आवळलेली लोखंडी अँगलची चौकट, वर फळ्या. असा तराफा कुणीही करू शकतं आणि पुष्कळांनी केलाही. पण तरंगणं वेगळं आणि ठरणं वेगळं. उकिडवा बसलेला माणूस एका धक्क्यात कलंडतो, मांडी ठोकून बसलेल्याला हलवायला दोघं लागतात. तराफ्याने पाण्यावर मांडी ठोकून बसलं पाहिजे. ड्रम जितके कडेला तितका तो पक्का. वजन जितकं खाली तितकं बरं. माझा सगळा धंदा या दोन वाक्यांत आला. बाकी जे आहे ते गिऱ्हाईक.

त्यातलंच एक गिऱ्हाईक म्हणजे धर्मापुरीचे महारुद्रअप्पा. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, पांढरंशुभ्र धोतर, आवाज बाजाराच्या दिवशीचा. जन्मभर त्यांनी किराणा दुकानाच्या गादीवर बसून काढलेला. ते माझ्या दुकानात आले, लोखंडाच्या ढिगावर रुमाल अंथरून बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, मला पाण्यावर बसायचंय."

मी विचारलं, "मोटार कितीची हाय?"

"मोटार बसंल तिची ती. मी माझं सांगायलो. दुकान आता पोरं बघतात. घरी बसलो की सुना म्हणतात, मामंजी, दुकानात जाऊन या. दुकानात गेलो की पोरं म्हणतात, अप्पा, घरी जाऊन आराम करा. म्हणून मी शेतातल्या तळ्यात मासे सोडलेत. त्येंच्यात बसतो. तुमी मला पाण्यावर एक बंगई टांगून द्या."

बंगई म्हणजे आमच्याकडे घरात टांगलेला लाकडी झोका. तरंगत्या तराफ्यावर झोका हवा, असं म्हणणारं गिऱ्हाईक मला त्याआधी भेटलं नव्हतं, नंतरही नाही.

"अप्पा, बंगई जमणार न्हाई."

"कावून?"

"तुमी झोका पुढं घ्याल तसा तराफा मागं जाईल. तुमी मागं याल तसा तो पुढं. चार झोक्यांत दोघंबी पाण्यात."

अप्पांनी विचार केला. "बरं. मग वर छत टाका, पत्र्याचं."

छताचं ऐकून मी त्यांना युसूफ वडगावकडची गोष्ट सांगितली. तिकडच्या एका गावात एका तरुण पुढाऱ्यासाठी मी तलावात पाण्याच्या मोटारीचा तराफा केला होता. काम झकास झालं. पुढं त्याचा वाढदिवस आला आणि कार्यकर्त्यांनी त्या तराफ्यावर त्याचा भलामोठा फ्लेक्स उभा केला, हात जोडलेला, मागे सूर्य उगवतोय असा. काठावरून फोटो फार छान येत होता. दुपारी वारा सुटला. फ्लेक्सचं शीड झालं. दोर तुटले, पाइप निसटला, आणि पुढारी हात जोडून अख्ख्या तलावाला प्रदक्षिणा घालून पलीकडच्या गावाच्या हद्दीत जाऊन लागला. तिथे त्याचे विरोधक राहत होते. त्यांनी तराफा परत केला, फ्लेक्स मात्र ठेवून घेतला. म्हणे आमच्याकडंबी त्यांचं स्वागत हाय.

अप्पा डोळ्यांतून पाणी येईतो हसले आणि छत सोडलं. "पण बसायची जागा रुंद पायजे," म्हणाले. "आणि मला तोल शिकवू नका. मी जन्मभर तराजू धरलाय."

माप घ्यायला मी त्यांच्या शेतावर गेलो. तळं बांधापर्यंत भरलेलं होतं. अप्पांचा सालगडी मारुती, म्हणजे वर्षाच्या कराराने शेतावरच राहणारा गडी, माझ्याबरोबर टेप धरून फिरत होता. उंच, शांत माणूस. त्याची बायको कौसाबाई मात्र बांधावर येईना. खाली लिंबाच्या सावलीत उभी राहून ती सारखी नवऱ्याकडे बघत होती. मी पाणी प्यायला खाली उतरलो तेव्हा तिने तांब्या दिला आणि विचारलं, "मिस्त्रीदादा, ह्यो तराफा उलटा हुतो का?"

"नीट केला तर न्हाई हुत."

"हे मागं त्या कागदावरनं आत गेलते," ती म्हणाली. मारुतीबद्दल बोलत होती. "जाळी काढाय उतरले आन् सटकले. मी सरपण आणाय गेलते. आवाज आला म्हणून बांधावर आले, तर हे पाइपाला धरून व्हते. पाय सारखे मारत व्हते, आन् पाय जागच्या जागी. तोंडातनं शब्द न्हाई. मी बैलाचा कासरा टाकला आन् लिंबाला गुंडाळला. कसे वर आले त्ये मला आठवत न्हाई. तवापासनं मी ह्या बांधावर चढले न्हाई."

मारुती खाली मान घालून टेप गुंडाळत होता. तो एवढंच म्हणाला, "पाइप नसता तर गेलतोच."

अप्पांना हे ठाऊक होतं. बंगईच्या गोष्टी करत ते माझ्याकडे आले होते खरे, पण कौसाबाईने त्यांना सांगून ठेवलं होतं की काहीतरी बंदोबस्त झाल्याशिवाय तिचा नवरा जाळी काढायला उतरणार नाही. त्या दिवशी मी तराफ्याचं माप नंतर घेतलं. आधी तळ्याच्या चारी बाजूंना बांधावर खांब रोवले आणि प्रत्येकाला गाठी मारलेला जाड दोर बांधून त्याला जुने टायर ओवले, थेट पाण्यात जातील असे. पडलेल्या माणसाला टायरात पाय घालून वर चढता यावं म्हणून. तेव्हापासून कुठल्याही तळ्यावर मी आधी हे करत आलो. दोर बघून कौसाबाईने न मागता चहा दिला.

तराफा दुकानात जोडला, सुटा करून टेम्पोने नेला आणि तळ्यावर पुन्हा जोडला. ड्रमांच्या झाकणांना रबर बसवून ती घट्ट केली, फळ्या ठोकल्या. बांधावरून तराफ्यापर्यंत एक अरुंद लोखंडी पूल केला. त्याचं वरचं टोक बांधाला बिजागरीने जोडलेलं, खालच्या टोकाला चाकं, म्हणजे पाणी उतरलं की पूल आपोआप तिरका होतो. या पुलाचं वजन तराफ्याच्या एका कडेवर पडतं म्हणून मोटार समोरच्या कडेला बसवली. पाण्यात सोडला तेव्हा तो पाटासारखा सपाट होता. अप्पा म्हणाले, "बघा, काटा कसा मधे हाय."

आणि पहिल्याच दिवशी त्यांनी माशांना खाद्य टाकलं.

झालं असं की खाद्य पडताच एक मोठा कटला पाण्याबाहेर उसळला. असा मासा दिसला की माणसाचे पाय त्याच्या ताब्यात राहत नाहीत. अप्पा कडेला गेले. त्यांना धरायला मारुती गेला. मारुतीमागे मी, ट्यूबसकट. तिघंही एकाच बाजूला, आणि मोटारही नेमकी त्याच बाजूला. ती कड वाकली, पाणी फळ्यांवर आलं, आणि अप्पा खाली बसले. बसल्या बसल्या, दुकानाच्या गादीवरून उतरावं तितक्या शांतपणे, ते घसरत पाण्यात गेले. मी आणि मारुती मागे सरकलो तसा तराफा झटक्यात सरळ झाला, पण तराजूचं अर्धं पारडं तोवर तळ्यात होतं.

मी कमरेची ट्यूब काढून फेकली. अप्पांना तिची गरज नव्हती. लहानपणी विहिरीत उड्या मारलेला माणूस तो. धोतर फुग्यासारखं फुगवून ते मजेत तरंगत होते. "पाणी गार हाय बे," ते मारुतीला म्हणाले. मग हात मारत कडेपर्यंत गेले आणि टायरात पाय घालत माझ्या गाठींच्या दोरावरून वर चढले. त्या दोराची पहिली परीक्षा मालकानेच दिली.

आम्ही हसायच्या बेतात होतो. तेवढ्यात कौसाबाई दिसली. आरडाओरडा ऐकून ती बांधाच्या अर्ध्यावर आली होती आणि तिथेच थांबली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती मारुतीला म्हणाली, "तुमी आता ह्यावर पाय ठेवायचा न्हाई. काम सुटलं तर सुटू द्या. दुसरीकडं हाताला काम मिळंल, दुसरा माणूस मिळायचा न्हाई."

अप्पांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. त्यांचा बाजाराचा आवाज एकदम खाली आला. "कौसा, काम कशापायी सुटतंय. सालगडी हाय म्हणून जबरदस्ती करत न्हाई मी त्याला. तू सांगशील तवाच तो चढंल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, हे नीट हुतंय का? न्हाई हुत तर तसं सांगा. मी मोडून टाकतो."

मी हुतंय म्हणालो. म्हणालो खरा, पण आधीचा हिशेब डोक्यात पुन्हा मांडायला लागलो. एका माणसासाठी काढलेला हिशेब तीन माणसांना पुरला नव्हता, आणि माणसं तराफ्यावर कधीच एकेकटी, मधोमध, शहाण्यासारखी उभी राहत नाहीत. ती माशाकडे धावतात, चप्पल पडली की वाकतात, कुणी हाक मारली की सगळी मिळून वळतात. मोटार बसवली की जागची हलत नाही. माणसाचं वजन मात्र पायांवर फिरतं. तोल धरायचा तो या फिरत्या वजनाचा.

मी तराफा काठाला ओढून उघडा केला. चौकटीला चारी बाजूंनी अँगलचे हात जोडले आणि ड्रम बाहेर, अगदी टोकांना नेले. मोटार कडेवरून काढून आत घेतली, फळ्यांच्या खाली, पण पाणी लागणार नाही इतकी वर. पुलाच्या वजनाला तोड म्हणून समोर एक दगडी पाटा बांधला. आणि चारी कोपऱ्यांना पाण्याने भरलेले मोठे कॅन टांगायला घेतले. हे बघून मारुतीसुद्धा बोलला. "मिस्त्री, तराफ्याला पाणी बांधायलात व्हय?"

कौसाबाई आता बांधावर आली होती. काम बघायचं म्हणून आली असेल, पण आली होती. तिलाच मी विचारलं, "वैनी, विहिरीतनं बादली शेंदताना ती जड कवा लागती?"

"पाण्याच्या वर निघाली की."

"आन् पाण्यात असताना?"

"पाण्यात काय, नुसती कासऱ्याला लागून येती."

"मग हे कॅन तसेच. पाण्यात हायेत तवर त्यांचा भार न्हाई. एक बाजू दबली की दुसरी बाजू वर उठाय बघती. तवा तिकडचा कॅन पाण्याबाहेर निघतो, जड हुतो आन् तिला खाली ओढतो."

तिने थोडा वेळ कॅनकडे बघितलं. "मग काठोकाठ भरा," ती म्हणाली. "अर्धी घागर लई डचमळती."

मी ते करणारच होतो, पण तिने म्हटल्यावर मला बरं वाटलं. अर्धवट भरलेला कॅन पाण्यावर नुसता हिंदकळत राहतो आणि वर निघाला तरी निम्मीच ओढ देतो. डोक्यावर घागर वाहिलेल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

राहिला प्रश्न दोरांचा. कागदाला भोक पडेल म्हणून तळात खुंटी ठोकता येत नाही, तराफा बांधावरूनच बांधावा लागतो. भरल्या तळ्यात दोर ताणून बांधले तर पाणी उतरल्यावर तराफा पाळण्यासारखा हवेत टांगला जाणार. ढिले सोडले तर तो वाऱ्यावर गिरक्या घेणार. म्हणून बांधावरच्या खांबांना विहिरीच्या कप्प्या लावल्या, कप्पीवरून दोर नेला आणि बाहेरच्या टोकाला वाळूचं पोतं टांगलं. पाणी उतरलं की तराफा खाली जातो आणि पोतं वर येतं. चढलं की उलटं. दोर नेहमी ताठ, ओढ नेहमी तेवढीच. अप्पा ही पोती बघून इतके खूश झाले की येईल त्या माणसाला ती दाखवायला नेत. "चार वजनं आन् मधे पारडं," ते म्हणत. "तराजूच की ह्यो."

कौसाबाईचं समाधान मात्र अजून व्हायचं होतं. ज्या दिवशी तराफा पुन्हा सोडला त्या दिवशी ती घरातून पितळी परात घेऊन आली. मारुतीच्या हाती देऊन म्हणाली, "मधे ठेवा. पाण्यानं भरा, वरपर्यंत. आन् तुमी सगळे एका बाजूला जा."

ती बांधावर उभी. आम्ही तिघं तराफ्यावर. अप्पा गंभीर चेहऱ्याने कडेला गेले, त्यांच्या शेजारी मारुती, त्याच्या शेजारी मी. माझं लक्ष पाण्याकडे नव्हतं, परातीकडे होतं. तराफा वाकला. न वाकणारा तराफा जगात नाही. परातीतलं पाणी आमच्या बाजूला सरकलं, काठाशी फुगून आलं, आणि एक बारीक ओघळ फळीवर उतरला. समोरचे कॅन पाण्यातून डोकं वर काढून निथळत होते. तिथेच तराफा थांबला. अप्पांनी मुद्दाम दोनदा पाय आपटले. तरी तो तिथेच.

"सांडलं का?" कौसाबाईने विचारलं.

खोटं बोलून भागणार नव्हतं. "थोडं सांडलं," मी म्हणालो.

"किती?"

"एक ओंजळ."

मग तिने चपला काढल्या, पदर कमरेला खोचला, पुलाच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि खाली उतरू लागली. मारुती पुढे झाला तर म्हणाली, "तुमी हितं येऊ नका. तिकडंच थांबा. एकाच जागी सगळे नको." तराफ्यावर पाय टेकल्यावर ती क्षणभर तशीच उभी राहिली, पायाखालची फळी किती हलते ते अजमावत. मग परातीजवळ जाऊन बसली.

"एवढं तर पाणी आणताना माझ्या घागरीतनंबी सांडतं," ती म्हणाली. "ह्यो चालतो."

मी आयुष्यात पुष्कळ गेटं उभी केली, त्यांवर नारळ फोडले, माझ्या गळ्यात हारसुद्धा पडले. पण "ह्यो चालतो" इतकं वजनदार प्रशस्तिपत्र मला कुणी दिलेलं नाही.

आता या धंद्याचे दिवस बदललेत. प्लास्टिकचे तयार ठोकळे ट्रकने येतात, एकमेकांत अडकवले की तराफा तयार. चांगले असतात, मी स्वतः उभं राहून पाहिलंय. त्यांना गंज लागत नाही, वेल्डिंग तर लागतच नाही. माझं दुकान पुतण्या बघतो आणि त्याच्याकडे गेटांचंच काम जास्त असतं. हातातून सुटलेल्या कामाची हळहळ वाटते, नाही असं नाही. वडील धावा चढवायच्या भट्टीची जागा झाडून ठेवायचे, तिथे काही करायचं नसायचं तरीही. मला तेव्हा ते कळायचं नाही. आता माझ्याही दुकानामागे दोन निळे ड्रम पडून आहेत आणि पुतण्याला ते उचलू देत नाही मी.

अप्पांच्या तळ्यावर मी पुढच्या उन्हाळ्यात गेलो, दोर तपासायला. पाणी निम्म्याच्या खाली आलं होतं, पोती कप्प्यांपर्यंत चढली होती, पूल शिडीसारखा उभा तिरका झाला होता. बांधावर चढून खाली बघितलं तर तराफा दिसेना. दिसत होती पांढरीशुभ्र धोतरं अंथरलेली आणि त्यांवर कुरडया, पापड, सांडगे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन शेजारणी फळीवर बसून उरलेल्या कुरडया घालत होत्या. कौसाबाई डोक्यावर पातेलं घेऊन त्या तिरक्या पुलावरून घरचा जिना असावा तशी उतरत होती.

"वैनी, हे काय?"

"हितं धूळ न्हाई, कोंबड्या न्हाईत, शेळ्या न्हाईत," ती म्हणाली. "आन् खालनं पाणी, वरनं ऊन. असा ओटा आख्ख्या धर्मापुरीत न्हाई. फकस्त कावळे येतात."

कावळ्यांसाठी अप्पा होते. तराफ्याच्या एका कोपऱ्यात, हातात काठी घेऊन, डोक्याला रुमाल बांधून बसलेले. माशांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मला बघून ते म्हणाले, "या मिस्त्री, खाली या. कुरडई अजून ओली हाय, चीक खाऊन बघा."

मी ट्यूब आणली नव्हती. तरी उतरलो. पुलाच्या शेवटच्या पायरीवर होतो तेवढ्यात कौसाबाईने हात वर करून मला थांबवलं.

"अप्पा," ती म्हणाली, "मिस्त्रीदादा चढायलेत. तुमी जरा पलीकडं सरका."

अप्पा मुकाट्याने उठले, काठी उचलली, आणि दोन फळ्या पलीकडे जाऊन बसले. मग मी पाय ठेवला. तराफा एकदा हलकेच दबला, समोरचे कॅन निथळले, आणि तो पुन्हा सपाट झाला. एकही कुरडई जागची हलली नाही.